नळाच्या आदल्या दिवशी : डेंग्यूच्या साथीत घरोघरी कसं फिरावं

मी सोलापूरच्या पूर्व भागात आशा म्हणून काम करते. माझ्याकडची बहुतेक घरं विडी कामगारांची. पुरुष यंत्रमागावर, बाया दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी. जून-जुलै लागला की नव्या आशाताई, नर्सिंगच्या मुली, कधी गणेश मंडळाची पोरं आमच्यासोबत सर्वेक्षणाला येतात. दोन दिवस फिरली की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "ताई, लोकांना सगळं माहीत आहे, मग करत का नाहीत?" त्यांना बोळात चालता चालता जे सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे मान्य करून निघा, की लोकांना खरंच माहीत आहे. माझ्या बोळात कुणालाही विचारा, "डेंग्यू कशानं होतो?" सत्तर वर्षांची आजीसुद्धा "दोमा कुट्टिते" म्हणेल, म्हणजे मच्छर चावला की. शाळेतली पोरं कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, म्हणून घोषणा देत फेरी काढतात. आणि त्याच पोराच्या घरी टिपाडात टॉर्च मारला की अळ्या वळवळताना दिसतात. यावरून लोक बेफिकीर आहेत असं समजलात, तर तुमचं काम तिथेच संपलं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरण भरलं तरी आमच्या बोळात चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी सुटतं, तेही कधी रात्री दोनला. त्या तास-दोन तासांत बाई घरातलं भरता येईल ते सगळं भरते. २०० लिटरची दोन टिपाडं, मोरीतला हौद, घागरी, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा. अशा घरी जाऊन "पाणी साठवू नका" म्हणणं म्हणजे तिच्या कष्टाचा अपमान आहे. आणि "दर शुक्रवारी कोरडा दिवस" हे वाक्य तिच्यासाठी लिहिलेलंच नाही. पाणी गुरुवारी रात्री आलं असेल, तर शुक्रवारी ती टिपाड कशाला ओतेल?

मी हे चुकून शिकले. पहिल्या वर्षी एका घरी टिपाडात अळ्या सापडल्या. नियम पाठ होता, मी आणि सोबतच्या मुलीनं टिपाड आडवं केलं आणि पाणी बोळात सोडलं. त्या अक्का कारखान्यात विड्या द्यायला गेल्या होत्या, घरी फक्त सासू होती. पुढचं पाणी तीन दिवसांनी येणार होतं. अक्का परत आल्या तेव्हा ओरडल्या नाहीत, उंबऱ्यावर बसून राहिल्या. संध्याकाळी त्या तीन बोळ पलीकडच्या बोअरवरून घागरी आणताना मला दिसल्या. पुढचा महिनाभर त्या रांगेतलं एकही दार मला नीट उघडलं नाही. त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून मी कुणाचंही पाणी त्यांना विचारल्याशिवाय ओतलेलं नाही. तुम्हीही ओतू नका.

दिवस मोजायला शिका

डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडं घालतो ते पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला. खसखशीहून बारीक, काळी अंडी, सहज दिसत नाहीत. पाणी चढून त्यांना लागलं की अळी बाहेर येते. अळी, मग कोष, मग डास, असं आपल्या हवेत साधारण ८ ते १० दिवसांत होतं. म्हणजे पाणी चार-पाच दिवसांनी येत असेल आणि प्रत्येक पाळीला भांडं तळापर्यंत रिकामं होऊन घासलं जात असेल, तर त्या घरात डास तयार व्हायला वेळच मिळत नाही.

अडचण तळाची आहे. बाई टिपाडातलं वरचं वरचं वापरते, तळाला हात-दीड हात पाणी "असू दे, लागेल" म्हणून राखते आणि पाणी आलं की त्यावरच नवं भरते. वरून पाहिलं तर पाणी कालचं, तळाचं महिन्याचं. हे एकदा तुमच्या लक्षात आलं की घरोघरी काय सांगायचं ते आपोआप सुचतं. मी आता "आठवड्यातून एकदा" असं म्हणतच नाही. "नळाच्या आदल्या दिवशी" म्हणते.

त्यासाठी चावीवाल्याशी ओळख हवी. आमच्या भागाला पाणी सोडणारा माणूस मला फोन करतो, "ताई, उद्या रात्री तुमचा नंबर." मग मी दुपारी बोळातून एक फेरी मारते. त्या दिवशी भांड्यांत पाणी सगळ्यात कमी असतं आणि उद्या मिळणार याची खात्री असते, म्हणून बाईचा हात सैल असतो. एरवी अर्धा तास समजावून होत नाही ते त्या दुपारी दहा मिनिटांत होतं. तुमच्या गावात टँकर येत असेल तर टँकरवाल्याला गाठा. पाण्याचा दिवस माहीत नसताना सर्वेक्षणाला निघणं मला तरी पटत नाही.

दारात काय विचारायचं

छापील फॉर्मवर प्रश्न असतो, "तुम्ही पाण्याची भांडी झाकून ठेवता का?" उत्तर शंभरातल्या नव्वद घरी "हो". यात कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही. दारात ओळखपत्र अडकवलेली बाई वही घेऊन उभी राहिली की माणूस योग्य वाटेल तेच उत्तर देतो. फॉर्म भरायचाच आहे, तो नंतर भरा. आधी गप्पा.

मी बसते. उभ्यानं बोलत नाही. विडी वळणाऱ्या बाईचा हात थांबवायचा नसतो, तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबावर असते. तिच्या शेजारी टेकून पहिला प्रश्न, "पाणी कवा आलतं ओ अक्का?" म्हाताऱ्या बायांना तेच तेलुगूत, "नीळ्ळु एप्पुडु वच्चायि?" पाण्याचा विषय निघाला की कुणालाही सांगावं लागत नाही, लोक आपणहून बोलतात. दुसरा प्रश्न, "सगळ्यात जुनं पाणी कशात आहे?" याचं उत्तर देताना ती स्वतःच विचारात पडते आणि बऱ्याचदा उठून मोरीकडे बघते. तिसरा, "मी बघू का जरा?" आणि शेवटी, "घरात कुणाला ताप? जरम?"

माहिती तपासायची असेल तरी परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. "डेंग्यूचा डास कधी चावतो?" असं विचारलं की माणूस गप्प होतो. "तुम्हाला जास्त कधी चावतात, विड्या वळताना का झोपल्यावर?" असं विचारलं की ती पाय दाखवते. घोट्याजवळ, दिवसा, सकाळी आणि उन्हं उतरताना. मग सांगता येतं, हा दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, तोच तो. नुसत्या तोंडी सांगण्यापेक्षा तिच्या स्वतःच्या घोट्यावरचा लाल ठिपका जास्त पटतो.

वेळ सांभाळा. सकाळी बाया विड्या द्यायला आणि पानं आणायला कारखान्यात जातात, तेव्हा घरी लहान पोरं नाहीतर म्हातारी माणसं असतात. पाण्याचा निर्णय जी बाई घेते तिच्याशीच बोलणं व्हायला हवं.

टॉर्च, वाटी आणि कापड

पिशवीत तीन वस्तू ठेवा : चांगला टॉर्च, पांढरी वाटी, दोन मीटर धुतलेलं सुती कापड. टॉर्च मारला की किंवा भांडं हललं की अळ्या तळाला पळतात. नवी मुलं पटकन बघून "नाही" लिहितात. थांबा, मिनिटभर हलू नका. त्यांना श्वास घ्यायला वर यावंच लागतं. वर आल्या की पांढऱ्या वाटीत घ्या आणि घरातल्या माणसाच्या हातात द्या.

वाटी हातात देणं फार महत्त्वाचं. बऱ्याच घरी लोकांनी अळ्या पाहिलेल्या असतात. "ते पाण्यातले किडे ओ, चांगल्या पाण्यातच होतात" म्हणून सोडलेल्या असतात. म्हणजे डेंग्यू मच्छरानं होतो हे माहीत आहे आणि पाण्यात किडे आहेत हेही माहीत आहे. या दोन्हींतला धागा मात्र कुणी जोडून दिलेला नाही. शक्य असेल तर अळ्या पारदर्शक बाटलीत थोड्या पाण्यासह घाला, तोंडाला जाळीचं कापड घट्ट बांधा आणि घरातल्या शाळकरी मुलाकडे द्या. दोन-चार दिवसांत बाटलीत डास उडतो. तो पोरगा मग पूर्ण बोळाला दाखवत फिरतो. (डास उडाल्यावर बाटली उघडायची नाही, तशीच कडक उन्हात ठेवून डास मारायचा, हे त्याला आधी सांगा.)

आता पाणी. टाकायचं नाही, गाळायचं. कापड दुहेरी करून रिकाम्या घागरीवर, बादलीवर बांधा आणि टिपाडातलं उरलेलं पाणी त्यातून ओता. अळ्या, कोष कापडावर राहतात. कापड कोरड्या मातीवर, उन्हात झटका, गटारीत किंवा मोरीत नको. गाळलेलं पाणी धुण्याभांड्याला वापरता येतं, बाईचा एक तांब्यासुद्धा वाया जात नाही. ज्या अक्कांचं पाणी मी ओतलं होतं, त्यांच्याच दारात दोन वर्षांनी मी पहिल्यांदा कापड बांधलं.

मग घासणी. हे लोक सोडतात, आणि खरं काम हेच आहे. अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं रिकामं करून पुन्हा भरलं की तीच अंडी फुटतात. काथ्या किंवा ब्रश घेऊन, साबण किंवा ब्लीचिंग पावडर लावून, पाण्याची रेषा जिथे येते तो पट्टा जोर लावून घासायचा आणि खळबळून तेही पाणी मातीत ओतायचं. दोन टिपाडं असतील तर बाया म्हणतात, "या पाळीला हे, पुढच्या पाळीला ते." नको. दोन पाळ्या म्हणजे ८-१० दिवस, तेवढ्यात डास उडून जातो. दोन्ही एकाच दुपारी.

झाकण म्हणून जुन्या सुती साडीचा तुकडा सगळ्यात बरा. पण ताणून, दोरीनं करकचून बांधलेला. कापड सैल पडून पाण्याला टेकलं तर त्या ओल्या कापडावरही डास बसतो. अर्धवट सरकलेलं प्लॅस्टिकचं झाकण असलं काय, नसलं काय.

हौद ओतता-घासता येत नसेल तर गप्पी मासे सोडा, ते आरोग्य केंद्रातून मिळतात. ॲबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, टाकताना घरच्यांना भांड्यापाशी बोलवा, वास का येतो ते सांगा आणि फक्त वापरायच्या पाण्यात टाका. पाठ वळल्यावर लोक ते पाणी फेकून देतात असं दिसलं तर रागावू नका. कुणी न सांगता आपल्या पाण्यात काही ओतलं तर आपणही फेकलंच असतं.

टिपाडं सोडून बाकी जागा पटापट बघून घ्या : फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, कुंडीखालची ताटली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, गच्चीवरचे टायर, पत्र्यावर टाकलेला डबा, करवंट्या. तेंदूची पानं भिजवायच्या बादलीत मला अळ्या क्वचितच सापडल्या, ते पाणी रोज बदलतं. बंद घरं मात्र विसरू नका. आमच्याकडची कितीतरी माणसं भिवंडीला, पुण्याला कामाला जातात आणि मागे हौद भरलेला राहतो. शेजारी किल्ली असते. एकटे जाऊ नका, शेजाऱ्याला सोबत घेऊन उघडा.

समजुतींशी कसं बोलायचं

"आधी गटार साफ करा, मग आमच्या घरात या." हे रोज ऐकाल. याला "डेंग्यूचा डास गटारीत होत नाही" असं थेट उत्तर दिलंत तर भांडण होईल. गटारीत डास होतातच. ते वेगळे, रात्री चावणारे, हत्तीरोग पसरवणारे. त्यामुळे त्यांची तक्रार खरी आहे. मी ती वहीत लिहून घेते, वर कळवते, आणि पुढच्या फेरीला काय झालं ते सांगते, काही झालं नसेल तर तेही सांगते. मग म्हणते, "गटारीचं मी बघते, टिपाडाचं तुम्ही बघा." एवढं केल्यावर आत येऊ देतात.

"धूर मारा." साथीत सगळ्यांना धूर हवा असतो, नगरसेवकालाही. धुरानं त्या वेळी उडणारे डास मरतात, पाण्यातली अळी मरत नाही. आणि एडिस तर घरात, खुंटीवरच्या कपड्यांमागे, खाटेखाली बसलेला असतो. धुराची गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. दोन दिवसांनी टिपाडातून नवे डास निघतात. जिथे रुग्ण सापडलाय तिथे धुराला अर्थ आहे, पण त्याच दिवशी पाणी बघितलं तरच.

"आम्ही रात्री मच्छरदाणीत झोपतो." चांगलं आहे, चालू ठेवा. पण मच्छरदाणी दुपारी लागते. झोळीतल्या बाळाला आणि ताप असलेल्या माणसाला ती दिवसाही लावा. ताप असताना रुग्णाला चावलेला डास पुढे ८-१२ दिवसांत दुसऱ्यांना डेंग्यू देऊ लागतो. म्हणजे रुग्णाची मच्छरदाणी शेजाऱ्यांसाठी आहे. हे वाक्य मी मुद्दाम शेजाऱ्यांसमोर बोलते.

"एकदा झाला, आता होत नाही." डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा होऊन गेला तरी दुसऱ्याचा होऊ शकतो आणि दुसऱ्यांदा झालेला जास्त बिघडू शकतो. ज्या घरात आधी होऊन गेलाय तिथे जास्त लक्ष ठेवा.

पपईच्या पानाचा रस, किवी, बकरीचं दूध. साथीच्या दिवसांत बकरीच्या दुधाचा भाव किती चढतो ते आमच्या बोळाला विचारा. या गोष्टींना मी हसत नाही. घरात माणूस तापानं पडलेला असताना हातावर हात ठेवून बसवत नाही, काहीतरी केल्याचा आधार लागतो. मी एवढंच म्हणते : किवी परवडत असेल तर द्या, नसेल तर उसने पैसे काढून आणू नका, फळ कोणतंही चालतं. बकरीचं दूध कच्चं अजिबात नको, त्यातून दुसरा ताप लागतो. पपईच्या रसानं उलट्या होत असतील तर थांबवा. आणि यातल्या कशासाठीही दवाखाना लांबवू नका. त्यांच्या हाताला काम हवं असेल तर खरं काम द्या : ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी घोट घोट पाजायचं आणि लघवी किती वेळा झाली ते कागदावर लिहून ठेवायचं.

घरात ताप असेल तर

इथे घाई करू नका. एका घरात अर्धा तास गेला तरी चालेल.

तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या मापानं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, रक्तस्राव वाढतो. "एक इंजेक्शन मारा, उद्या कामावर जायचंय" हा हट्ट आमच्याकडे फार आहे, कारण खाडा झाला की मजुरी जाते. नेमकं कोणतं इंजेक्शन आहे ते विचारा, असं मी घरच्यांना शिकवते.

तपासणी कधी करायची तेही सांगा. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही रक्ततपासणी, त्यानंतर आयजीएम. सरकारी केंद्रातून नमुना गेला तर पैसे लागत नाहीत. झटपट किटचा निकाल आला म्हणून थांबायचं नाही, प्रयोगशाळेतली एलायझा तपासणी पक्की.

आणि आता जे घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात बसलंच पाहिजे ते. डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप उतरताना येतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. माझी पुतणी नऊ वर्षांची होती. चौथ्या दिवशी ताप उतरला, वहिनीनं तिला आंघोळ घातली, आम्ही सगळे निवांत झालो. संध्याकाळी ती पोट धरून बसली, तीन उलट्या झाल्या, हातपाय गार. मी तेव्हा आशा नव्हते, "पित्त झालं असेल" म्हणून लिंबूसरबत दिलं. दादानं ऐकलं नाही, रिक्षा आणली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. ती वाचली, आज कॉलेजात आहे. पण ते लिंबूसरबत मला विसरता येत नाही आणि म्हणून मी प्रत्येक घरी हे तोंडपाठ म्हणवून घेते : ताप उतरल्यावर पोट दुखलं, उलट्या थांबेनात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, काळी शी झाली, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, माणूस सुस्त किंवा फार अस्वस्थ झाला, यातलं एकही दिसलं तर रात्र असो, पाऊस असो, दवाखाना. सकाळची वाट बघायची नाही.

प्लेटलेटच्या आकड्यानं लोक हवालदिल होतात, रक्तपेढ्यांच्या पायऱ्यांवर रात्र काढतात. आकडा खाली आला म्हणजे लगेच बाटली चढवायची असं नसतं. रक्त वाहतंय का, रक्त दाट होतंय का, नाडी-रक्तदाब कसा आहे, हे डॉक्टर बघतात. तुम्ही घरच्यांना एवढाच प्रश्न लिहून द्या : "डॉक्टर, रक्त दाट होतंय का?"

वहीत काय लिहायचं

घरं किती बघितली, किती घरांत अळ्या सापडल्या, किती भांड्यांत, हे फॉर्मला लागतंच. ५० घरांत ९ घरं निघाली तर घर निर्देशांक, म्हणजे शंभर घरांमागे अळ्यांची घरं, १८. त्याशिवाय माझ्या वहीत आणखी दोन रकाने आहेत. एक, शेवटचं पाणी कधी आलं. दोन, जुनं पाणी कशात होतं. महिनाभराची पानं उलटली की दिसतं, पाणी एक पाळी चुकलं की पुढच्या पंधरवड्यात अळ्यांची घरं वाढतात. हा कागद मी बैठकीत पुढे ठेवते. आमच्या बोळातल्या बायांनी काय करायचं हे त्या करतातच, नळाचं काय करायचं ते बैठकीतल्यांनी सांगावं.

अळ्या सापडलेल्या घराचं नाव बोळात बोलू नका. दारावर खडूनं तारीख लिहितो तेव्हा सगळ्या घरांवर सारखीच खूण करा. एकदा घराला नाव पडलं की पुढच्या वेळी ते घर तापही लपवतं.

रुग्ण सापडला तर त्याच दिवशी त्याच्या आजूबाजूची ५० घरं बघा, हा डास फार लांब उडत नाही. मग पुढच्या नळाच्या आदल्या दिवशी पुन्हा जा, कापड आणि काथ्या घेऊन. त्या दिवशी माझ्या आधी त्या अक्कांनीच कापड बांधलेलं असतं, आणि त्या शेजारणीला हाक मारत असतात, "उद्या पानी येतंय की ओ, काढ टिपाड बाहेर."